यंत्राच्या वाचनातली सुशीला

जानेवारीच्या दुपारी अंगणात वाळत घातलेल्या तुरीच्या शेंगा उन्हानं तडकू लागल्या, की तो बारीक, कोरडा आवाज घरभर हिंडतो. यंदा त्यात माझ्या लेकीच्या, प्रज्ञाच्या माऊसचा आवाज मिसळला आहे. तिचं काम ऐकाल तर नवल वाटेल! कुठलंसं एक यंत्र इंटरनेटवरचं मराठी अहोरात्र वाचत असतं. त्याला ना भूक, ना जांभई. वाचता वाचता ते जगाविषयी एकेक गोष्ट शिकतं, आणि ओसरीवर बसलेली प्रज्ञा त्या गोष्टीपुढे 'बरोबर' किंवा 'चूक' दाबते.

जन्मभर मास्तरकी केलेल्या मला या अखंड अध्ययनाचं आधी कौतुकच वाटे. पण वर्गातल्या पोरांना निदान शंका येत. याला लिहिलेलं दिसलं की ते सत्य. आपलं तरी याहून फार वेगळं असतं का?

परवा प्रज्ञाचा हात थबकला. "बाबा, इकडे या. हे आपल्याच घरचं दिसून राह्यलं."

पडद्यावर तीन ओळी होत्या. सुशीला किन्हीराजाला राहते. तिचा नवरा मरण पावला आहे. सुशीला विधवा आहे.

सुशीला माझी बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली.

पहिल्या ओळीचा अपराधी मीच. आमच्या किन्हीराजा गावाची खबरबात मी इंटरनेटवर, गावाच्या पानावर लिहितो, आणि ती गेल्यावरही लिहीत राहिलो, की सुशीलानं मोगऱ्याला पाणी घातलं, सुशीला म्हणते यंदा तूर बरी आहे. ती गेल्याचं लिहायला हात धजावत नव्हता, खोटं कशाला सांगू! दुसरी ओळ पुतणीच्या लग्नपत्रिकेतली. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' छापतात. छापणाऱ्यानं तो शब्द सुशीलाच्या नावाऐवजी माझ्या नावाआधी लावला. लक्षात आलं तोवर पत्रिका वाटून झाल्या होत्या. आम्ही पोट धरून हसलो, आणि मीच पत्रिकेचा फोटो गावाच्या पानावर टाकला.

पण तिसरी ओळ कुणीच लिहिली नव्हती. ती यंत्रानं आपली आपण जुळवली होती. म्हणजे कुठल्याशा अदृश्य, निःशब्द जगात माझी सुशीला जिवंत आहे, आणि माझ्यावाचून एकटी आहे! तिथं तिला कुणी जेव म्हणत असेल का?

"तिन्ही चूक हायेत, बाबा. दाबू?" प्रज्ञानं विचारलं.

"माह्यावालं दाब. अन् ते विधवाचं. आईचं राहू दे, ते मीच लिहितो."

तिनं दोनदा 'चूक' दाबलं. मग मी गावाचं पान उघडलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा लिहिलं, कालकथित सुशीला. तेवढ्यानं थकून अंगणात येऊन बसलो.

यंत्र आज ना उद्या ते वाचेलच. तोवर त्याच्या जगात आम्ही दोघंही जिवंत आहोत. शेंग तडकते, आणि मी दचकतो. वाचलं असेल का त्यानं?