पाच फूट दोन

पेणकरपाड्याच्या निकेतला वाईट बातमी सांगता येत नसे. हा घराण्याचाच गुण. वडिलांचा पाय मोडला तेव्हा आईने, अनसूयाबाईंनी, रत्नागिरीच्या नातेवाइकांना फोनवर "काही नाही हो, जरा लंगडतात" एवढंच कळवलं होतं. निकेत प्रोग्रामर झाला आणि हा गुण त्याने कम्प्युटरलाही लावला.

२००६ साली त्याने ज्ञातीच्या वधूवर मेळाव्यासाठी वेबसाइट फुकटात करून दिली. माहिती भरा, बटण दाबा, नाव सर्व्हरवर जमा. पण सर्व्हर मध्येच अडखळला, तर तो लाल एरर बघून एखादा वधूपिता हबकायचा! म्हणून निकेतने प्रत्येक एरर कोडमध्येच गुपचूप गिळायची सोय केली. आत काहीही होवो, पडद्यावर गुलाबी अक्षरं उमटायची : "धन्यवाद! आपली नोंदणी झाली."

मेळावा रविवारवर आला आणि नावं बोटांवर मोजण्याइतकी. ज्ञातीमंडळाचे अध्यक्ष गुणवंतकाका हॉल रद्द करायला निघाले.

"निक्या, तुझी साइट चालतेय ना नीट?"

"एकदम ओके, काका!"

तेवढ्यात काशीगावची उर्मिला मंडळाच्या ऑफिसात शिरली. "तीनदा नाव भरलं. तीनदा धन्यवाद! आणि यादीत माझा पत्ताच नाही. नापसंत असेन तर तोंडावर सांगा ना!"

निकेतने कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला. "माझ्यासमोर एकदा भरता?"

उर्मिलाने उंची टाइप केली : 5'2". निकेतने गिळलेला एरर पहिल्यांदाच बाहेर काढून वाचला. फुटाची ती बारीक खूण! मजकूर तिथेच संपला असं समजून सर्व्हर गोंधळायचा आणि अख्खी मुलगी बाहेर ठेवायचा. ज्यांनी अक्षरात 'पाच फूट दोन' लिहिलं, तेवढेच आत.

"म्हणजे माझ्या उंचीचा दोष?"

'काही नाही' निकेतच्या अगदी ओठांवर आलं होतं. या वेळी त्याने तेच गिळलं. "दोष माझा. काका, बरीच नावं गेलीयत. हॉल रद्द करू नका."

काकांनी त्याचा यथेच्छ उद्धार केला आणि मग घरोघर फोन लावले. निकेतने खुणेचा बंदोबस्त केला, उंचीच्या जागी भलतंच काही आलं तर अडवायची सोय केली आणि नोंदणी फसली तर गुलाबी धन्यवादाऐवजी दिसेल असा नवा मजकूरही घातला : "माफ करा, नोंदणी झाली नाही. चूक आमची. निकेतला फोन करा." शनिवारपर्यंत यादी भरली.

शनिवारी दुपारीच निकेतचा फोन वाजला.

"तुमचं 'माफ करा' आलं बरं का!" उर्मिला.

"अरे देवा, आता काय बिघडलं?"

"उंचीच्या जागी मुद्दाम माझं नाव लिहिलं. म्हटलं बघू, साइट खरं बोलायला शिकली का."

स्वयंपाकघरातून अनसूयाबाईंनी विचारलं, "कोण रे?"

"काही ना..." निकेत थांबला. "उर्मिला, आई. काशीगावची. पाच फूट दोन."