सासूबाईंनी वसवलेली वस्ती

मी लग्न होऊन आले तेव्हा कुंडलच्या बाहेर, उसाच्या रानात आमची आठ-दहा घरांची वस्ती होती. ती वसवली माझ्या सासूबाईंनी. सासरे फौजेत. रोज गावातून म्हैस घेऊन रानात यायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं, याला त्या कंटाळल्या. एक दिवस परतल्याच नाहीत. विहिरीशेजारी पाचटाचं छप्पर घातलं आणि दोन लेकरं घेऊन राहिल्या. "बाईमाणूस रानात एकटं कसं ऱ्हाणार?" म्हणून भावकी हसली. पण वर्षभरात त्यांची धाकटी जाऊ आली, मागून चुलत दीर आले. वीज आली, पोरांसाठी एका खोलीची शाळा आली. माझ्या पहिल्या बाळंतपणाला घराघरांतून डिंकाचे लाडू आले, खाऊन संपेनात.

मग पलीकडचा रस्ता मोठा झाला. दुधाची गाडी आत यायची बंद झाली. ज्याला जमलं त्यानं रस्त्याकडेला घर बांधलं. सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई गेल्या त्या दारांच्या चौकटीसुद्धा काढून घेऊन. पोरं उरली नाहीत तशी शाळा बंद पडली. शेवटी आम्हीही रस्त्याला तीन खोल्या बांधल्या. पण सासूबाईंना निघा म्हणायचं कुणी? नवऱ्यानं ते माझ्यावर ढकललं.

त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मीही चार शेंगा हातात घेतल्या.

"आत्याबाई, तिकडं घर झालंय. तुमी येत नसला तर आमीबी न्हाई जात."

त्या हसल्या. "मी कवा न्हाई म्हटलं? मला कुणी इचारलंच न्हाई. आगं, मी हितं आले तवा माणसं मागनं आली. आता माणसंच तिकडं गेली. मी हितं काय पाखरं राखत बसू?"

दुसऱ्या दिवशी म्हशीचं दावं धरून त्या पुढं चालू लागल्या. वळून वळून बघत होते ती मी. रडूही मलाच आलं.

आता वस्तीवरच्या जुन्या घरात आम्ही कडबा ठेवतो. खुरपायला गेले की मी घटकाभर तिथंच टेकते, लय सुनं वाटतं. परवा सासूबाईंना म्हटलं, "चला की एकदा बघायला."

"काय बघायचं?" म्हणाल्या, आणि समोर भाड्यानं नव्यानंच राहायला आलेल्या कानडी बाईला त्यांनी हाक मारली, "ये गं, च्या घे. कुठली तू?"

एकीचं दुसरीला निम्मंच कळत होतं. तरी चहा गार होईपर्यंत दोघी बोलत बसल्या होत्या.