शिळेवरचा ‘गडी’

औंढ्याला नागनाथाच्या देवळात जायची हौस नवऱ्याची. रस्ते ठरवणं माझ्याकडे. नांदेडहून जाताना वारंगा फाट्यावरून गेलो, तिथं गरम भजी हाणली. येताना मात्र शिरड शहापूर-वसमतचा रस्ता धरला. उन्हाळ्याच्या तोंडावर जाणार असाल तर तुम्हीही हाच धरा. दोन्ही बाजूंना शिजवलेली हळद वाळत पडलेली असते. उघड्या काचेतून तो वास घ्यायचा, धूळ आली तर आली.

शिरड शहापूर मागे टाकल्यावर एका गावात पाणी घ्यायला थांबलो, तर पारावर कडाक्याचं भांडण. रझाकारांनी इथं दोघांना गोळ्या घातल्या होत्या. त्यांची जुनी शिळा दुभंगली म्हणून नवी कोरायची होती. जुनीवर होतं: ‘हुतात्मा माणिकराव पाटील व त्यांचा गडी.’

आमच्याकडे गडी म्हणजे सालावर राबणारा. पण खेळातला सोबतीही गडीच. पाटलांचे नातू बापूराव दुसऱ्या अर्थाला चिकटून बसले होते.

“जोडीदार व्हता म्हणून गडी लिवलं. आज्याला वाचवताना मेला त्यो.”

“वाचवताना न्हाई. त्याला पुढं घातलं,” सुमनबाई म्हणाल्या. त्या गड्याची ही नात, निवृत्त नर्स. “आन् जोडीदाराला नाव न्हाई काहून?”

“लिवू की. सख्या.”

“तुमच्या आज्याला मानक्या लिवता का?”

मला हसू फुटलं आणि लगेच लाज वाटली, कारण बाई हसत नव्हत्या. बापूरावांचंही वाईट वाटलं. घरात त्यांनी जन्मभर ‘सख्या’च ऐकलेलं, तेही मायेनं.

“सखाराम लिव,” ते कोरणाऱ्याला म्हणाले.

“आडनाव?”

बापूराव सुमनबाईंकडे बघत राहिले. बाईंच्या घरच्या तीन पिढ्या पाटलांकडे राबल्या होत्या आणि बापूरावांना त्यांचं आडनाव ठाऊक नव्हतं. शेवटी बाईंनीच सांगितलं. आम्ही निघालो तेव्हा कोण कसं मेलं यावरून पुन्हा जुंपली होती.

घरी आल्यावर नवऱ्यानं देवळाचे फोटो सगळ्यांना पाठवले. देऊळ सुंदरच आहे, पण माझं मन त्या पारावर अडकलं होतं. निघताना सुमनबाईंचा नंबर घेतला होता; राहवेना, म्हणून परवा त्यांना फोन लावला. शिळा बसली होती. दोन्ही नावं एका मापाची, दोन्हींआधी हुतात्मा. कसे मेले ते कोरलेलं नाही.

“मग मिटलं म्हणायचं?”

“मिटतंय कशाचं!” त्या हसल्या. “बापूराव आजबी त्येच सांगून राहिले. पण आता ‘सखारामबाबानं वाचवलं’ म्हणतात.”