मास्तरांचा हलता दात

मास्तर सकाळी उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी अंगठ्याने आपला वरचा पुढचा दात चाचपून पाहत. दात कालच्याइतकाच हलत असला तर चहा मागत. जरा जास्त वाटला तर दिवसभर कुणाशी धड बोलत नसत. चहा देताना त्यांच्या घरच्या, म्हणजे काकू, विचारायच्या, "आज काय म्हंतोय?" नव्या माणसाला वाटे, घरात कुणी आजारी आहे.

मास्तर सांगलीत लग्नाचा बँड चालवत आणि स्वतः क्लॅरिनेट वाजवत. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या पुढच्या दातांखाली धरावं लागतं. तो दात गेला की आपण संपलो, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. मूळचे साताऱ्याकडचे. बाप, चुलते, भाऊ, सगळे फौजेत बंदूकवाले. हे मात्र पलटणीच्या बँडात गेले. लढाई लागली की बँडवाले वाद्यं ठेवून जखमींचे स्ट्रेचर वाहतात. पासष्ट साली तशाच धावपळीत स्ट्रेचरचा दांडा मास्तरांच्या तोंडावर बसला आणि दात हलला तो हललाच. "गोळ्या डोक्यावरनं जात व्हत्या, तवा भ्यालो न्हाई," ते म्हणत, "आन् आता ह्या चिंचोक्याएवढ्या हाडाला भितोय."

मीही साताऱ्याचाच. सांगलीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं होतं आणि स्वभावाने पक्का भित्रा होतो. विजेचं काम करायचो, पण प्लगला हात लावताना कुलदैवताचं नाव घ्यायचो. एक दिवस मास्तर बिघडलेला रेकॉर्ड प्लेयर घेऊन आले. सोबत एक तबकडी होती. पलटणीतल्या गोव्याच्या बँडमास्तरांनी निवृत्त होताना त्यांना अशा तीन दिल्या होत्या. मी प्लेयर जोडला, तबकडी लावली आणि लगेच पुन्हा स्क्रू उघडायला घेतले. मास्तरांनी माझा हात धरला. "आवं, मशीन बरोबर हाय. माणूसच असा वाजवतोय."

मी ऐकलेलं ते पहिलं जॅझ. एका जागी मास्तरांनी बोट वर केलं. "हितं चुकलाय बगा गडी." खरंच एक सूर वाकडा गेला होता. पण पुढच्या फेरीत त्या वादकाने तोच वाकडा सूर मुद्दाम पुन्हा लावला, मग तिसऱ्यांदा, आणि त्यातून एक नवीच चाल निघाली. मास्तर खुर्चीत मागे रेलले. "एकदा वाजली तर चूक. दोनदा वाजली की चाल." त्यानंतर पुढची सहा वर्षं हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की त्याचीच चाल झाली.

असं तुम्हाला वाजवता येतं का, विचारलं तर म्हणाले, "येतं की. पर लगनात वाजवलं तर नवरदेव घोड्यावरनं पडंल." मग मी हट्टाला पेटलो, लग्नात नाही तर दुसरीकडे, पण वाजवायचंच. शेजारचे हळदीचे व्यापारी आप्पा यांचं गोदाम रविवारी दुपारी बंद असे. हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या आवाज घुमू देत नसत; असा हॉल सांगलीत दुसरा नव्हता. भिडस्त असूनही मी दारोदार फिरून माणसं जमवली. पहिल्या रविवारी चार आली, पुढे पंधरा-वीस येऊ लागली. आप्पांचा जतकडचा हमाल मल्लप्पा गजढोल घेऊन बसे. त्याला कानडीच नीट येई आणि मास्तरांना कानडी मुळीच येत नसे, पण दोघांचं एकदाही भांडण झालं नाही. आप्पांना त्या संगीतातलं ओ की ठो कळत नसे. तरी "पोती हलवू नगा, मास्तर वाजवणार हायेत," असं ते साऱ्यांना दरडावत.

कोयनेच्या भूकंपाचे धक्के त्या वर्षांत अधूनमधून बसतच. एकदा ऐन वादनात पत्रे थरथरले. आम्ही जीव घेऊन बाहेर पळालो. मास्तरही पळाले, तोंडावर हात घट्ट दाबून. आम्ही हसलो खरे, पण त्यांचा चेहरा पाहून माझं हसू विरलं.

मला तेव्हापासून एकाच भीतीने घेरलं. दात जाईल, आणि हे वाजवणं कुठेच उरणार नाही. मी स्पूलचा जुना टेप रेकॉर्डर मिळवला, पण मास्तर ऐकेनात. "लगनातली चूक वरातीसंगं जाती. टेपवरची माज्या मागं ऱ्हाती."

"पण दोनदा वाजवली की चाल, हे तुम्हीच सांगता ना?"

"ते त्या गड्याला जमलं. मला जमंल का न्हाई, कुणाला ठावं?"

वर्ष असंच गेलं. मग हिरडी सुजली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुधवारी दात काढायचा. त्या रविवारी मास्तर स्वतःच माझ्या दुकानात आले, चेहरा उतरलेला. "चला, आना तुमचं मशीन."

गोदामात कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नव्हतं. मी खटका दाबला. मास्तरांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. इतकं सुरेल त्यांनी कधीच वाजवलं नव्हतं. मल्लप्पा बोटांच्या टोकांनी ढोल वाजवत होता. अकरा मिनिटं झाली आणि दात सरकला असावा. क्लॅरिनेट चिरकलं. चीं!

आता मास्तर खचणार, ही चूक त्यांच्यामागे राहणार, या भीतीने मी काय करतोय हे कळायच्या आत टेप बंद केला.

मास्तर थांबले नाहीत. त्यांनी ते चिरकणं पुन्हा वाजवलं. मग तिसऱ्यांदा, जरा खालून. मल्लप्पाने मान डोलावून ढोलाचा ठेका बदलला आणि त्या चिरकण्यातून अशी चाल निघाली की आप्पांच्याही डोळ्यांत पाणी आलं. माझं बोट खटक्यावरच होतं. पुन्हा सुरू करावा तर त्याचा आवाज होईल, मास्तर डोळे उघडतील, सगळं मोडेल. पाव तास मी तसाच बसून राहिलो. खटका काही दाबला गेला नाही.

वाजवून झाल्यावर मास्तर लहान मुलासारखे हसत म्हणाले, "जमलं की हो! लावा बगू." मला रडूच कोसळलं. सगळं सांगितलं. त्यांनी क्लॅरिनेट पोत्यावर ठेवलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमीबी भ्यालासा व्हय? मला वाटलं, मी एकलाच."

बुधवारी दात निघाला. नकली दात बसवला, पण त्यावर क्लॅरिनेट टेकेना. वर्षभराने बँड मोडून ते गावी निघाले. एस.टी. स्टँडवर त्यांनी तिन्ही तबकड्या माझ्या हातात दिल्या. "फुडं कुणालाबी टेप करा, पर मधी खटका दाबू नगा." तीच आमची शेवटची भेट.

पुढे मी ते यंत्र घेऊन जत, कवठे महांकाळ, पार कोयनानगरपर्यंत हिंडलो. ढोल, ओव्या, भजनं भरून घेतली. त्यांत कुणी खोकतं, कुणी कडवं विसरतं, कुत्री भुंकतात. मी कुठेही टेप थांबवलेला नाही.

मास्तरांचा स्पूल अजून लावतो. अकरा मिनिटं, मग चीं, मग खट. पुढची फीत कोरी आहे. तिच्यावर मी दुसरं काही भरलं नाही. ती पाव तास तशीच फिरू देतो, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसतो.