सात नंबरच्या दोन चिठ्ठ्या

नंदनवन वस्तीतल्या आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये पेशंटला नावानं नाही, तपासणीनं हाक मारायची रीत होती. "थायरॉइडवाल्या बाई, या! शुगरवाले काका, चला!" सर्वांत जुने टेक्निशियन दादा दारातून असे ओरडायचे की बाईचा थायरॉइड गल्लीच्या टोकापर्यंत पोचायचा.

नऊ वर्षांपूर्वी मी काउंटरवर नवीन लागले, तेव्हा तिसऱ्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं, "हा काय जंगलीपणा लावला? नंबर द्या ना." दादा म्हणाले, "आली मोठी शहाणी!" आणि सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग मीही तो विषय काढला नाही.

यंदा खापरखेड्याहून एक पोरगी लागली. तीन महिने पाहू, मग पक्कं करू, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. अडीच महिने ती नुसती ऐकत होती. मग एक दिवस दादांना चहा देत म्हणाली, "दादा, ओरडून ओरडून तुमचा गळा बसून राहिला. आठ दिवस नंबर देऊन पाहू का? नाही पटलं तर तुमचंच चालू ठेवू." आणि काय सांगू बाप्पा, दुसऱ्या दिवशी दादाच डॉक्टरांना सांगत होते, "सर, मले एक गोष्ट सुचली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गोष्ट माझी! नऊ वर्षं माझ्या पोटात राहिली, आणि ही काल आलेली पोरगी जिभेवर साखर ठेवून ती करून मोकळी झाली.

नंबर सुरू झाले त्या पहिल्याच सकाळी, तिनं लिहिलेल्या चिठ्ठ्यांत मी गुपचूप एक जास्तीची घातली. सात नंबर पुकारला तसे दोघं उठले. "मी आधी आलो!" "अन् मी काय हवा खायले आली का?" उपाशीपोटी आलेली माणसं ती, त्यांनी अख्खी लॅब डोक्यावर घेतली. डॉक्टर बाहेर आले. "कोणी केलं हे?" दादांनी पोरीकडे बोट दाखवलं. तिचे तीन महिने संपायला चार दिवस होते. खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या.

"सर, चूक माझी," ती म्हणाली. "ताईंनी सकाळीच बजावलं होतं, चिठ्ठी देताना वहीत नंबरापुढे नाव लिहून घे म्हणून. मीच विसरली."

मी असं काहीच बजावलं नव्हतं. डॉक्टर मला म्हणाले, "बरं सुचवलंत. उद्यापासून चिठ्ठ्या तुम्हीच सांभाळा. आणि ही चूक कबूल तरी करते, राहू दे हिला."

दुपारी तिनं त्या दोन्ही चिठ्ठ्या माझ्या हातावर ठेवल्या. एका साताला मधोमध आडवी रेघ होती. तशी रेघ आमच्या लॅबमध्ये फक्त मी मारते. "ताई, चहा ठेवू का?" एवढंच बोलली.

शरमेनं माझी मान वर होईना. पण तेव्हाही मनात पहिलं आलं ते हेच: माय वं, हे असं बोलणं नऊ वर्षांपूर्वी मले काहून नाही जमलं?