बलवीरच्या ट्रकचं चाक

अण्णा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. ‘सकाळी चहा घेतला, आणि...’ एवढंच ती बोलू शकली. त्याला आता सहा आठवडे झाले.

अण्णा माझा थोरला भाऊ. साताऱ्याहून ट्रक घेऊन आला तो गाझियाबादलाच राहिला आणि पुढे त्यानं टायरचं दुकान टाकलं. चाक बॅलन्स करायचं मशीन त्याच्याकडे नव्हतं. जुना एक्सल त्यानं दोन खांबांवर आडवा बसवला होता. त्यावर चाक चढवून हलकेच फिरवायचं; जड बाजू खाली येऊन थांबते, की बरोबर समोर, वरच्या कडेला शिशाचा तुकडा ठोकायचा. चाक दर वेळी वेगळ्या जागी थांबू लागलं की काम झालं. ड्रायव्हर त्याला उस्ताद म्हणत.

चार वर्षांपूर्वी बलवीर नावाचा ओळखीचा ड्रायव्हर घाईघाईत आला. माल मानेसरला पोचवायचा होता. एक चाक काही केल्या जमेना, तेव्हा अण्णानं टायरमध्ये मूठभर छर्रे ओतले. फिरताना ते आपोआप हलक्या बाजूला सरकतात असं काही ड्रायव्हर मानत; अण्णाचा त्यावर विश्वास नव्हता. तरी त्यानं ट्रक जाऊ दिला. दुपारी तो मानेसरच्या अलीकडे उलटला. बलवीरचा पाय गेला, शेजारी बसलेला त्याचा मेहुणा जागीच गेला.

अण्णाला कुणी काही विचारलं नाही. तो दोनदा हॉस्पिटलात गेला आणि वॉर्डच्या दारातूनच परतला. मग एकेका चाकावर अर्धा दिवस घालवू लागला; गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे वळली. रस्त्यात काहीही झालं असेल, असं मी एकदा म्हणालो. ‘असेल,’ तो म्हणाला, ‘पण मला ते माहीत नाही ना.’

तेराव्यानंतर बलवीर कुबड्यांवर आला. वहिनीनं दिलेलं पाणी हातात तसंच धरून म्हणाला, ‘भाभीजी, पहिये में कोई खराबी नहीं थी. मेरी आँख लग गई थी.’ आपल्याला झोप लागून तिचा भाऊ गेला हे बायकोला कुठल्या तोंडानं सांगू, म्हणून तो इतकी वर्षं गप्प होता.

वहिनी हळूच म्हणाली, ‘उनको बताना था...’

अण्णाची खुर्ची अजून रस्त्याकडच्या खिडकीशी आहे. शेवटी शेवटी तो तिथे बसून जाणाऱ्या ट्रकांचा आवाज ऐकायचा. एखादं चाक थडथडलं की उठून उभा राहायचा. परवा मी त्याच खुर्चीत बसलो होतो. खालून एक ट्रक थडथडत गेला. स्वयंपाकघरात वहिनीच्या हातातलं लाटणं थांबलं. ‘काही नाही गं,’ असं तिला सांगणार होतो... पण तोवर मीही उभा राहिलो होतो.