घटातलं टक्कल

उन्हाळ्यात पक्षाघाताचा झटका आला आणि माझा उजवा हात माझं ऐकेनासा झाला. तेव्हापासून सून मला नाशिकच्या एका उपचार केंद्रात नेते. तिथे मागे छोटीशी बाग आहे. हातात जीव यावा म्हणून माती चाळायची, कुंड्या भरायच्या, बी पेरायचं. ऐकायला फार गोड. करायला गेलं की डोकं फिरतं.

"आजी, चिमटीत धणे घ्या आणि लांब लांब टाका," तिथली थेरपिस्ट पोरगी म्हणाली. मी घेतले. मिटलेली बोटं उघडेचनात. मग एकदम उघडली आणि सगळे धणे एकाच जागी. पुन्हा घेतले, पुन्हा तेच.

"छान! परवापेक्षा लवकर सुटले."

"छान काय त्यात? कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखे पडलेत."

पिंपळगावला आमची द्राक्षबाग. विरळणी म्हणजे दाटलेल्या घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढायचे, शेजारच्या मण्याला धक्का न लावता. तरुणपणी मी ते खटाखट करायचे, आणि बाकीच्या बायकांवर तोंडही तितकंच चालायचं. "अगं, हात आहेत की फावडी?" बाई, काय ती ऐट! जणू द्राक्षं वेलीला नाही, माझ्याच बोटांना लागत होती. ती तरणीताठी बया आज या धण्यांसमोर उभी असती तर मला काय म्हणाली असती, ते मला शब्दन्‌शब्द माहीत आहे.

घाई होती ती नवरात्राची. घटाभोवतीच्या मातीत आमच्याकडे थोरल्या बाईनेच गहू पेरायचे, तेही उजव्या हाताने. सासूबाई गेल्यापासून तो मान माझा.

परतताना गाडीत सून हळूच म्हणाली, "आई, या वर्षी मी पेरू का? तुम्ही नुसतं शेजारी बसा."

"मी मेल्यावर पेर."

"आई, काहीही काय बोलता!"

घटस्थापनेला मी बसलेच. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि मूठ सोडली. अर्धे गहू एका कोपऱ्यात ढिगाने, उरलेले फरशीवर.

"थोडे पसरवू?" सून पुढे वाकली.

"हात लावायचा नाही."

नाही लावला तिने. मग नऊ दिवस मी तो घट बघत जळत बसले. एकीकडे दाट झुडूप, दुसरीकडे चक्क टक्कल. आरतीला येणाऱ्या बायका बघून न बघितल्यासारखं करायच्या. त्याचा जास्तच राग यायचा.

दसऱ्याला घटात उगवलेलं धान काढायला बसलो, तेव्हा सून झुडपाकडे बघत म्हणाली, "आई, विरळणी करायची राहिली की हो."

पोरीची जीभ माझ्यावर गेलीय! मला हसू फुटलं. "आण कात्री."

द्राक्षबागेतली जुनी कात्री तिने आणली. मी उजव्या हाताची बोटं तिच्यात अडकवली, दाबली, सगळा जीव लावून दाबली. पाती जागची हलेनात. माझं हसू तिथेच विरलं.

"राहू द्या ना, आई."

"राहू द्या काय? ही माझ्या पिशवीत टाक. उद्या केंद्रातल्या त्या पोरीला म्हणावं, धणे बास झाले."